पंधरा-चाळीसचं तेल आणि अप्पांच्या नावाचा मेमो

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शांतलिंगअप्पा, श्रीदेवीकाकू आणि जळकोट-अणदूरहून आलेल्या पालकांनो,

मी सोनाली, संस्थेच्या चार नंबर बसची ड्रायव्हर. आज निवृत्त होणाऱ्या अप्पांनी एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये आपल्या गाड्या सांभाळल्या, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी एकाच दिवसाचं सांगते.

सहा वर्षांपूर्वी मी नवीन होते, नोकरी कच्ची होती. अप्पा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते आणि बसचं ऑइल बदलायला आलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, फुल सिंथेटिक पाच-तीस न्या, नव्या गाड्यांना हेच टाकतात." मी आणलं, टाकलं. महाग म्हणजे चांगलंच, नाही का?

आठवड्यानं बारावीचा पेपर. जळकोटहून बावीस मुली घेऊन निघाले. मार्चचं ऊन. वाटेत गाडी हळू केली की ऑइलचा लाल दिवा पेटायचा. घाबरून अप्पांना फोन लावला.

"बंद कर गाडी. आत्ताच."

"अप्पा, पेपर अकराला हाय! दहाच किलोमीटर ऱ्हायलंय."

"इंजिन धरलं, जाम झालं, तर एक किलोमीटरबी जायची न्हाय. पोरींचं मी बघतो."

बंद केली. एका मुलीनं रडायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. पंचवीस मिनिटांत अप्पांनी पाठवलेल्या दोन जीपा आल्या. पेपरला दहा मिनिटं असताना मुली वर्गात बसल्या.

गाडी ओढून आणल्यावर अप्पांनी गाडीचं पुस्तक माझ्यापुढं उघडलं. "पहिला आकडा थंड इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा. आपल्या जुन्या इंजिनाला पंधरा-चाळीस लिहिलंय. तुझं तेल तापल्यावर लई पातळ झालं, प्रेशर पडलं."

मी म्हटलं, "मग वीस-पन्नास टाकू? घट्ट असतं."

"न्हाय. डिसेंबरच्या सकाळी ते वरपर्यंत चढायला येळ लावंल. पुस्तकात हाय तेच. सिंथेटिकच पायजे तर सिंथेटिकमध्येबी पंधरा-चाळीस मिळतं."

इंजिनाच्या बेअरिंग थोडक्यात वाचल्या होत्या. पण चौकशी बसली. चुकीचं तेल कुणी टाकलं? मी उठणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "रजेवर असलो तरी वर्कशॉप माझं, तेल माझं." मेमो त्यांच्या नावानं निघाला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझी नोकरी नवी हाय. पहिली बाई ड्रायव्हर म्हणून लोक टपलेत. तू गाडी चालव."

मी गप्प राहिले. सहा वर्षं. त्याची लाज वाटते.

अध्यक्ष महोदय, ते तेल मी टाकलं होतं. अप्पा डाग घेऊन घरी जाऊ नयेत. तो मेमो त्यांच्या सेवापुस्तकातून काढून माझ्या पुस्तकात लावावा, असा लेखी अर्ज मी आणलाय. तो आत्ता, सगळ्यांसमोर, आपल्या हातात देते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अर्जात मात्र काही कमीजास्त नाही.