धावड्याची मोळी

लोणावळ्यात घरोघरी चुली पेटायच्या, तेव्हाची गोष्ट. रतनबाई सरपण घ्यायला बाजारात आल्या, तर मोळ्या विकायला बसलेल्या सावित्रा आणि बाया या दोघी बोलत होत्या.

"बाये, तुझा समदा धावडा. माजा नुसता पांगारा, धुरानं डोळं जात्यात."

"लाकूड वाजवून बघावं. खणखणलं तरच तोडावं."

"कुनी शिकवलं?"

"तुझ्या कोंडूनं. धावड्याची जागाबी त्यानंच दावली."

"माज्या धन्यानं? मला तर म्हनत्यात, रानात धावडा उरलाच न्हाई!"

"मला न्हाई बाई ठावं."

"कवा दावली?"

"परवा. तू म्हायेरी गेलतीस तवा."

रतनबाईंनी विचारलं, "धावड्याची मोळी केवढ्याला?"

सावित्रा ताडकन उठली. "तिची घिऊ नगा, बाई. माजी फुकट न्या."

रतनबाईंनी पैसे देऊन पांगाराच घेतला.