छताची गळती बघायला आलेला माणूस

नाही, तो कॅमेरा आधी खाली ठेवा, मगच बोलते. आणि पाय सांभाळा — बादली आहे. वरच्या टाकीचं पाणी गळतं, पण या मशीनवर मी थेंब पडू देत नाही. हो, रेनकोटच आहे तो. माझ्या लेकीचा, शाळेतला. हसा, हसा! विद्यापीठाला अनुदान नाही म्हटल्यावर प्रयोगशाळेनं घालायचं तरी काय?

काय विचारत होतात — सरकारनं आमचे पैसे कापून गावाबाहेरच्या त्या नव्या कंपनीला दिले, हे खरं का? अहो, ढळढळीत खरं! जमीन फुकट, वीज निम्म्या दरात, वर प्रत्येक नोकरीमागे बक्षीस — आणि आमच्या रिकाम्या जागा भरायला मात्र बंदी. उद्या मोर्चात मी हेच बोलणार होते. होते म्हणजे... आहे. बघू. घसा बसलाय जरा — छे, कसला बसलाय, ऐकताय ना तुम्ही! मुलीला नोकरी लागली हो. कुठं म्हणून काय विचारता? तिथंच! याच मशीनवर संशोधन करायची ती, शिष्यवृत्ती बंद पडली, वर्षभर घरात बसून — माझ्याशी धड बोलायची नाही. आता सकाळी शीळ घालत डबा भरते. आणि तिची शिफारस कुणी केली? मीच. हे लिहू नका हं! ती अजून नोकरीत कायम झालेली नाही, आईनं माइक हातात घेतला की संपलं. बरं, नाही घेतला, तर या बाकीच्या पोरांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांना मीच तर पेटवलंय! भीती वाटते हो मला. साधी, बावळट भीती. चेहरा झाकून दाखवाल, पण आवाजाचं काय? अर्ध्या गावाला मी वर्गात ओरडलेय.

थांबा — जिन्यावर तीच. मला न्यायला येते रोज, पण आज इतक्या लवकर कशी सुटली? कॅमेरा पिशवीत घाला, आधी घाला! विचारलंच तिनं, तर तुम्ही छताची गळती बघायला आलात, कळलं? — पण ती कुठली विश्वास ठेवतेय, चार वर्षांत गळती बघायला कुणी फिरकलेलं नाही. असू दे. निघा तुम्ही. आणि जाताना वर बघत जा.