कुलपाच्या आत राहिलेली चिठ्ठी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बाकावर माझ्या शेजारी एक कारकून आणि त्यांची मुलगी नंबरची वाट पाहत बसले होते.

"बाबा, नीट सांगा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवला होता ना?"

"होता. साहेब म्हणाले, टेबलावरचा प्रत्येक कागद मोबाइलने स्कॅन करा, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये टाका आणि मूळ कागद मशीनमध्ये घालून बारीक करा."

"आणि ती चिठ्ठी?"

"टेबलावरच होती."

"म्हणजे किल्ली आत ठेवून कपाट ओढून घेतलंत."

"हसू नकोस. सफाईच्या मावशींची बारा वर्षांची हजेरी त्यात आहे. उद्या दाखवली नाही, तर त्या कायम होत नाहीत."

"साहेबांना आठवत नाही पासवर्ड?"

"कॉम्प्युटरने बनवलेली वीस अक्षरं. साहेबांना स्वतःचा वाढदिवस आठवत नाही."

"मग हा बंद पडलेला मोबाइल चालू करून काय मिळणार? त्यातले फोटो तुम्ही नियमाप्रमाणे पुसले असणारच."

"स्कॅन झालेले सगळे कागद पुसले. पण चिठ्ठीचा पहिला फोटो हलला होता, म्हणून दुसरा काढावा लागला."

"आणि तो हललेला?"

"तो कागदपत्रांत धरत नाहीत. पुसायचा आदेश नव्हता."

"पण बाबा, हललेला फोटो वाचणार कोण?"

दुकानदाराने नंबर पुकारला. कारकून चष्मा पुसत उठले.

"अक्षर माझंच आहे गं."