मानसिंगच्या कानावरचे केस

"हॅलो?… हॅलो! कोण?… सगुणा? अगं, मोठ्यानं बोल… एवढं मोठ्यानं न्हाई! कान फुटंल माझा."

आनंदरावांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि पोस्टमास्तरांकडे असं पाहिलं, जसं काही सगुणाबाईंचा आवाज पोस्टखात्यानंच चढवून ठेवला होता. टपालवाला घरी बोलवायला आला तेव्हा ते नुकते पानावर बसले होते. अर्ध्या जेवणावरून उठून, दुखरा गुडघा ओढत भोरच्या पोस्टात यावं लागलं होतं. संस्थान होतं तेव्हा आनंदराव कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झाल्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून जगात जे जे नवीन आलं ते आपल्याला न विचारता आलं, एवढ्या कारणानं ते सगळं त्यांच्या मनातून उतरलेलं होतं. पुण्याच्या एका दवाखान्यात कामाला असलेल्या धाकट्या बहिणीचा भरदुपारचा ट्रंककॉलही त्यातलाच.

"हं, बोल. सगळी खुशाल ना?… मग?… विंझरला? व्हय, काल जायचाच होता मानसिंग. म्याच धाडला त्याला. गेनबांनी मुलगा बघायला बोलावला होता… माझा गुडघा धरला म्हणून एकटा गेला. बावीस वर्षांचा घोडा, त्याला काय बोट धरून न्यायचं?… काय?… पाणीसुद्धा विचारलं न्हाई? अगं ऐक ना, गेनबा तसा माणूस न्हाई… ओसरीवर घेतलं न्हाई? मग बसवला कुठं?… अंगणात, घोंगडीवर. बरं… आणि गेनबाची म्हातारी रडली? कशापायी?… ह्याच्या तोंडावरनं हात फिरवून? आणि पोरगी?… दाखवलीच न्हाई. वर 'जावा आता, आईला सांभाळा' म्हणाले…"

आनंदरावांच्या कपाळाला आठी पडली. ही सोयरीक त्यांनी चार महिने खेटे घालून जमवली होती. नसरापूरच्यांनी नाही म्हटलं, पालीच्यांनी नाही म्हटलं. सगुणाबाईंचा मुलगा चांगला, खडकीच्या कारखान्यात कायम नोकरीला, पण मुलाचा बाप दहा वर्षांपूर्वी लढाईवर गेला तो ब्रह्मदेशातून परत आला नाही आणि मेल्याचं पत्रही आलं नाही. अशा घरातल्या बाईला सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं, हळदीला बोलवावं की नाही, इथंच लोकांचं घोडं अडत होतं. एक गेनबा तेवढे म्हणाले होते की, मुलाकडं बघून पोरगी देतो. आता तेही हातचे जायला लागले होते.

"त्यानं काय घाण केली तिथं? काही वेडंवाकडं बोलला?… न्हाई? मग नेसला होता काय?… पांढरी पाटलोण. बरं. टोपी?… टोपी नव्हती? बोडका गेला? लगनाच्या कामाला बोडका?… केस दिसावेत म्हणून? वा! काय दिसायला हवं होतं एवढं?… कसला कट?… सोल्जर कट."

हे दोन शब्द आनंदरावांनी तोंडात खडा आल्यासारखे बाहेर टाकले.

"अगं, सोल्जर ह्याचा बाप होता. हा पेट्यांवर शिक्के मारतो… हां, सांग, कसा असतो तो?… मानेवर मशीन. कातडी दिसंपर्यंत. बरं… कानाच्या वर जरा जास्त… त्याच्यावर आणखी जरा जास्त… आणि टाळूवर चार बोटं जंगल. म्हणजे उतरण! अगं, उतरणी आमाला रोज बघाव्या लागतात, वेल्ह्याकडं दुसरं हाय काय? त्यापायी पुण्याच्या सलूनात जायला कशाला हवं?… निवडला कुणी?… भिंतीवर चित्रं असतात? बारा? आणि ह्यानं त्यातलं बोट ठेवून… सातवं! बघ. आमचा कोंडिबा न्हावी कधी चित्रं दाखवतो का? 'बारीक का लई बारीक' एवढंच इचारतो. माणसाला चुकायला जागाच न्हाई… एक घंटा? एक घंटा बसून ह्यानं डोकं करून घेतलं? एका घंट्यात कोंडिबा अख्खी आळी भादरतो."

पोस्टमास्तरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आनंदरावांनी त्यांच्याकडे पाठ केली.

"आणि हे असं टिकतं किती?… आठ दिवस? मग?… परत जायचं! दर आठ दिवसांनी! का, न्हाई गेलं तर काय फाशी देतात?… उतरण बुजते. बुजू दे की! शेतातलं तणसुद्धा एवढा जाच करत न्हाई… आणि मधल्या दिवसांत?… तेल न्हाई लावत. बाटलीतलं मलम. बरं… कंगवा खिशात… आणि झोपताना?… फडकं बांधतो? डोक्याला? अगं, बाळंतीण बांधत न्हाई एवढं! हसू नको. तो तिथंच उभा हाय ना? मागनं काय पुटपुटतोय?… कारखान्यातले सगळे ठेवतात? सगळे नदीत उडी मारतील, तूही मार म्हणावं. फडकं तेवढं सोडून मार."

स्वतःच्याच बोलण्यावर आनंदराव खूश झाले. उरलेलं जेवण गार होतंय हेही ते विसरले. भाच्याला आणखी काय काय म्हणता येईल ह्याची मनात जुळवाजुळव करत असतानाच पलीकडून काहीतरी आलं आणि ते थबकले.

"काय म्हणालीस?… मिशीला काय?… काढली?… सगळी?… 'ह्या कटाला मिशी शोभत न्हाई', असं तो सलूनवाला म्हणाला, आणि हा बस म्हणाला."

आता ते हळू बोलू लागले.

"सगुणा, ऐक. मिशी न्हाई. कानाजवळ, मानेवर मशीन, कातडी दिसती. वर टाळूवर तेवढे केस. आणि टोपी न्हाई… अगं, अजून कळंना तुला? पुण्यात राहून इसरलीस का?"

मुळशीपासून पार महाडच्या घाटापर्यंत कुणालाही विचारा, राखलेली मिशी माणूस एकदाच काढतो, फार तर दोनदा. बाप गेला म्हणजे आणि आई गेली म्हणजे. तेव्हा न्हावी कडेचं सगळं भादरतो, टाळूवर शेंडी ठेवतो, आणि माणूस बोडका बसतो. त्या माणसाला लोक पाणी विचारत नाहीत, ओसरीवर घेत नाहीत, आणि काय झालं हेही विचारत नाहीत, कारण ते डोक्यावरच लिहिलेलं असतं. मानसिंगनं पुण्यात तासभर खुर्चीत बसून ते सगळं नीटनेटकं लिहून घेतलं होतं.

"त्यांना वाटलं, दाजी गेल्याचं पत्र आलं. पोरगं सुतकात हाय आणि सांगायला म्हणून दारात आलं… व्हय, म्हणून रडली म्हातारी… अगं, रडू नको तू. थांब. तीन मिनिटं झाली म्हणतात, वाढवून घे… हां, घेतली?… आता काय म्हणून काय इचारतीस? केस परत यायला दोन म्हयने. मशीन लागलेल्या जागेला घाई चालत न्हाई, आणि मिशीला तर मुळीच न्हाई. कोंडिबाकडं नेऊन काय करू? त्याची कात्री कापती, चिकटवत न्हाई."

"खरं सांगू त्यांना? सांगतो की! 'गेनबा, पोराचा बाप मेला न्हाई, पोरानं चित्र बघून मिशी काढली.' ऐकून तो काय म्हणंल? बापाचं कुंकू आईच्या कपाळावर असताना ज्यानं हौसेनं मिशी काढली, त्यानं बाप आपल्या हातानं मारलाच म्हणंल. त्याला उंबऱ्यात उभा करणार न्हाई. आणि म्याही केला नसता. सोयरीक गेली सगुणा. गेली ती… तू काय बोलतीस? पोरानं चुकून केलं? पोराचं सोड. तू तरी काय करतीस? दहा वर्षं झाली. पगार न्हाई, कागद न्हाई. रोज सकाळी उठून आरशात बघून कुंकू रेखायचं. तो आठ दिवसांनी उतरण नीट करतो, तू रोज कपाळ नीट करतीस. दोघं मायलेकरं एका जातीची. सगळं दिसण्यापुरतं… हॅलो?… सगुणा?… हां, हाईस का?"

ती होती. आनंदराव जरा ओशाळले, पण माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात पोस्टाच्या दारात सावली पडली.

दारात विंझरचे गेनबा उभे होते. फेटा सोडून खांद्यावर टाकलेला, पायावर नसरापूरपर्यंतच्या वाटेची धूळ. आत येऊन ते आनंदरावांसमोर खाली मान घालून उभे राहिले.

"घरी गेल्तो," ते म्हणाले. "हितं हायसा म्हनले. लई वंगाळ झालं, आनंदराव. पोराचं डोस्कं बघितलं आन् काय झालं त्ये कळलं. इचारायचं धाडस झालं न्हाई बगा."

आनंदरावांच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला. त्यावर हात ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"आमी सोयरीक मोडतोय आसं मनात आनू नगा," गेनबा म्हणाले. "उलट आता बाईंचं बी एक ठरलं. इतकी वर्सं लोकं नावं ठिवत व्हती, त्येंची तोंडं बंद झाली. वर्साच्या आत लगीन उरकून टाकू. आजपस्नं पोर आमचंच समजा."

"सगुणा," आनंदराव भिंतीकडे वळून फोनमध्ये पुटपुटले, "गेनबा आल्यात… हितंच, समोर… ऐकलंस? सगळं?… थांब, म्या सांगतो त्यांना खरं काय ते… काय?… काय सांगू?"

पोस्टमास्तरांनी वर पाहिलं आणि गेनबांना लांब दाराशी बाकावर बसवलं. आनंदरावांचा चेहरा उतरला होता.

"न्हाई… अगं, काय बोलतीस तू… न्हाई सगुणा, म्या असलं सांगणार न्हाई. म्या मघाशी रागानं बोललो. अगं येडे, माझं बोलणं मनावर घेतीस व्हय? रागाचं बोलणं ते… तू लाव की कुंकू. शंभर वर्षं लाव, कोण अडवतंय तुला?… पोरगी दुसरी बघू. आणखी चार बघू. माझा गुडघा बरा झाला की म्या स्वतः हिंडतो… अगं, त्याचं काय, त्याचं डोकं दोन म्हयन्यांत होतं तसं होतंय. तुझं काय?… ऐक ना… दादाचं ऐक ना गं… काय केलंस?"

आनंदरावांनी भिंतीला हात टेकला.

"आत्ता?… कशानं पुसलंस?… पदरानं… तिथं, सगळ्यांच्या समोर?… आणि तो?… रडतोय?… रडू दे… सगुणा… हॅलो?… हॅलो? सगुणा?… हॅलो!"

लाइन गेली होती. पलीकडे नुसती खरखर ऐकू येत होती. तरी आनंदराव आणखी एकदा "हॅलो" म्हणाले, ते कुणालाच ऐकू गेलं नसेल इतकं हळू.

गेनबा बाकावरून उठून आले आणि त्यांनी आनंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पत्र कवा आलं?"

"पत्र न्हाई आलं," आनंदराव म्हणाले. "आत्ता कळलं. फोनवर." आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.