अर्धं उघडं दार

डोळ्यांत थेंब घातलेले आजोबा दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी एक बहीण-भाऊ होते. बहिणीच्याही डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते.

“ताई, डोळे उघड. माझ्या भुताच्या गेमचं मुखचित्र बघ. आज ऑनलाइन दुकानात चढवायचंय.”

“मला सगळं धूसर दिसतंय रे.”

“तेच हवंय. तिथं हे नखाएवढंच दिसणार. लोक बोट फिरवत पुढं जातात. कुणी थांबलंच नाही, तर नोकरी सोडून केलेलं सगळं पाण्यात.”

“मग हा टोमॅटो कशाला काढलास?”

“टोमॅटो? अगं, रक्तानं माखलेली चेटकीण आहे ती. एकेक दात रंगवलाय.”

“दात तुझे तुला ठाऊक. मला टोमॅटो दिसतोय.”

“बरं, हे बघ. आधी काढलेलं, मग टाकून दिलेलं.”

“काळोख आहे. एक दार आहे, अर्धं उघडं. आत कोण आहे?”

“कुणी नाही. म्हणून तर टाकलं.”

“मग दार उघडलं कुणी?”

“तसा काही विचार नव्हता केला.”

“बंद कर बाबा ते.”

“चित्रातलं दार कसं बंद करू?”

“मग फोन तरी पालथा ठेव.”

“ठेवतो. आधी हेच चढवतो.”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, “आजोबा, आत या.”

आजोबांनी डोळे किलकिले केले. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतले दिवे मालवलेले होते.

“येतो की,” आजोबा म्हणाले, “पण आत कोण आहे, ते आधी सांगा.”