शर्टावरचा चंद्र

चाळिशी उलटल्यावर माणसानं एकच छंद धरावा, असं आमच्या बायकोचं मत. पण त्या साली निमोण्याच्या जत्रेतलं नाटक मीच लिहिलं, पडदा मीच रंगवला, आन् पेटीही मीच वाजवणार होतो. झालं काय, शेवटचा प्रवेश लिहिण्याच्या नादात पडदा राहून गेला. डोंगराआडून उगवणारा चंद्र रंगवला तो थेट जत्रेच्या दिवशी, तोही ऑइलपेंटनं.

नाटक सुरू झालं. मी पडद्याला पाठ टेकून झकास पेटी वाजवतोय. राजा झालेल्या नामदेवनं मागं हात केला, "राणी, त्यो बघ चंद्र!" आन् त्याचा हात तसाच हवेत राहिला. काय झालं म्हणून मीही वळून पाहिलं, तर पडद्यावर नुसता पिवळा फराटा! आन् माझी पाठ आता लोकांकडं. अख्खं गाव हसायला लागलं.

नामदेव बेरकी गडी. म्हणाला, "घाबरू नगं राणी, चंद्र खाली उतरून पेटी वाजवतोय!"

शिट्ट्याच शिट्ट्या.

तो शर्ट काही धुऊन निघाला नाही. पण गावाच्या त्या शिट्ट्या ऐकून बायकोनं एकाच छंदाचा हट्ट सोडला. आता मी नवी कविता वाचायला घेतली, तरी ती आधी लांब सरकते आन् विचारते, "वाळलीय का?"