पोरीचा स्टँड

केसरबाई : अहो, हे लोखंडाचं काय उचलून आणलं?

माणिकराव : स्टँड. सुवर्णाले पाह्यजे होता.

सुवर्णा : मले? मी कधी म्हटलं, बाबा?

माणिकराव : काल मैत्रिणीले फोनवर सांगत होती ना तू. "आमचे बाबा माह्यासाठी कधी स्टँडच घेत नाहीत." लय वाईट वाटलं मले. आज अमडापूरचा बाजार होता, आणला.

केसरबाई : पण कायचा हाय हा?

माणिकराव : तेच तर पंचाईत. दुकानदार इचारे, कूलरचा देऊ, माठाचा देऊ का गाडीचा? म्या म्हटलं, पोरीचा दे. त्यानं हा कपडे वाळवाचा देला.

सुवर्णा : अहो बाबा, तो स्टँड नाही!

माणिकराव : मंग यष्टीचा? तिथं तर मी तुले रोज सोडतोच.

सुवर्णा : स्टँड घेणं म्हंजे आपल्या मानसाच्या बाजूनं बोलणं. परवा मोठेबाबा म्हणे, नर्सिंग पुरे झालं, रविवारी तुले पाहाले जानेफळचे पाव्हणे येऊन राह्यले. तुमी मान खाली घालून नुसते उभे.

माणिकराव : दादा हाय तो माहा. बाप गेल्यावर त्यानंच मले वाढवलं. त्याच्यासमोर मी आजवर बसलोबी नाही.

सुवर्णा : उभे तर राह्यता ना? एकडाव माह्या बाजूनं उभे राहा.

(फोन वाजतो.)

केसरबाई : घ्या. दादाचाच हाय.

माणिकराव : आंघोळीले गेले म्हणून सांग.

केसरबाई : नाही सांगत. सकाळीच केली तुमी आंघोळ.

माणिकराव : हालो... हाव, दादा... हाव... हाव...

सुवर्णा : झालं. आई, साडी काढून ठेव माही.

माणिकराव : नाही, दादा... नाही म्हटलं म्या. पाव्हण्यांले नका बोलावू. पोरगी शिकून राह्यली, शिकू द्या... रागवा, मी आईकतो. पण नाहीच... दादा? हालो?

केसरबाई : ठेवला?

माणिकराव : ठेवला.

सुवर्णा : बाबा, बसा. पाणी आणू?

माणिकराव : राहू दे. केसर, भाकर झाली का?

केसरबाई : झाली. वाढू?

माणिकराव : डबा भर. राग आला का दादा जेवत नाही.